आठवड्यातून एकदा, न थांबता

आमच्या घरात मोटार आहे आणि ती डिझेलवर चालते. ती कुठे जाण्यासाठी घेतलेली नाही. ती ॲव्हरेजसाठी घेतलेली आहे.

हा खुलासा आधीच केलेला बरा. कारण लोक येतात, दारातली गाडी पाहतात आणि मला म्हणतात, "तुम्हाला काय, बसलात गाडीत की निघालात!" मी हसते. निघणं इतकं सोपं असतं तर माझ्या मुलाने वही कशाला ठेवली असती?

ही वही गाडीच्या कप्प्यात असते आणि तिची दुसरी प्रत फ्रिजच्या बाजूला खिळ्याला टांगलेली असते. तीत पाच रकाने आहेत: तारीख, अंतर, डिझेल, ॲव्हरेज आणि प्रयोजन. चिरंजीव एका मोठ्या कचेरीच्या नियोजन विभागात आहेत. त्यामुळे 'प्रयोजन' या रकान्यात काय लिहिता येतं आणि काय नाही, याची टीप त्यांनी वहीच्या पहिल्याच पानावर चिकटवली आहे. मान्य प्रयोजनं तीन. कार्यालय, वैद्यकीय आणि अपरिहार्य. माझी थोरली बहीण अक्का शहराबाहेर, सरळ रस्त्याने गेलं तर पंचवीस किलोमीटरवर राहते. तिच्याकडे जाणं हे यातल्या कशात बसतं, असं मी एकदा विचारलं होतं.

"भावनिक," मुलगा म्हणाला. "तसा रकाना नाही, आई."

"मग पाड की एक."

"एक पाडला की रांग लागते."

तर, गाडी रोज चार किलोमीटरवरच्या कचेरीत जायची आणि परत यायची. तीसच्या वर काटा जायचा नाही. काच उघडायची नाही, कारण वारा आत शिरला की गाडी अडते. थंड हवेचं बटण लावायचं नाही, कारण ते डिझेल पितं. मागच्या सीटवरची उशीसुद्धा वजन नको म्हणून काढून ठेवली होती. मी बसायचे तेव्हा मुलगा आधी माझ्या पिशवीकडे बघायचा. सायकलवाले आम्हाला ओलांडून जाताना आत डोकावून बघायचे, कुणाला बरं नाही का म्हणून.

आमचे वडील बस चालवायचे, तीही डिझेलचीच. पुढच्या तोंडाला नाक असल्यासारखी लांब बस होती ती, आणि धूर असा काढायची की रस्त्यालगतच्या बायका तिची वेळ बघून वाळत घातलेले कपडे आत घेत. आठवडाभर गावातल्या गावात धावली की तिचा आवाज बसायचा. मग सुट्टीच्या दिवशी सकाळी वडील ती रिकामी बस गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर नेऊन अर्धा तास नुसती पळवायचे. "घसा मोकळा करून आणतो तिचा," म्हणायचे. अक्का आणि मी मागच्या लांबलचक बाकावर उड्या मारत बसायचो. अक्का नऊ वर्षांची, मी सहा. परत येताना बस गुणगुणल्यासारखी चालायची.

हे मी मुलाला दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. "हिलाही जरा मोकळी पळवून आण रे, आवाज बसलाय."

"आई, आताची इंजिनं तशी नसतात," तो म्हणाला.

एका सोमवारी गाडीत समोर एक पिवळा दिवा लागला. मुलाने यावर तातडीने उपाययोजना केली. गाडी आणखी हळू चालवायला लागला. दुसरा दिवा लागला. तेव्हा मात्र तो मला वैद्यकीय प्रयोजनाने दवाखान्यात सोडून सर्व्हिस सेंटरला जाणार होता, पण दवाखाना बंद निघाला म्हणून मीही बरोबर गेले.

तिथे काचेच्या खोलीत गळ्याला टाय लावलेला एक सल्लागार होता. त्याने गाडीला वायर जोडली, पडद्यावर बघितलं आणि डॉक्टर नातेवाइकांकडे बघतात तसं आमच्याकडे बघितलं.

"धुराच्या नळीत फिल्टर असतो, साहेब. काजळी अडवून ठेवतो. ती जाळायला आत उष्णता लागते. तुमची गाडी कधी तापलीच नाही. तुंबलाय."

"मी फार जपून चालवतो," मुलगा म्हणाला.

"म्हणूनच."

"उपाय?"

"आठवड्यातून एकदा अर्धा तास पळवायची. साठ-सत्तरच्या वेगाने, न थांबता. मध्येच बंद केलीत तर काजळी अर्धवट राहते आणि पुन्हा पहिल्यापासून. असंच चाललं तर फिल्टर बदलावा लागेल." फिल्टरचा आकडा त्याने तोंडाने सांगितला नाही, कागदावर लिहून उलटा करून पुढे सरकवला.

मुलाने कागद पाहिला आणि पुन्हा उलटा करून ठेवला. मग म्हणाला, "पळवायची, पण कुठे?"

"कुठेही."

"कुठेही म्हणजे? काही काम नसताना?"

"काम नसताना."

माझ्या मुलाला मी जन्मापासून ओळखते. त्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर जे भय होतं ते मी आधी कधी पाहिलेलं नव्हतं. पाचवा रकाना रिकामा ठेवून पन्नास किलोमीटर! तीन दिवस त्याला जेवण गेलं नाही. शेवटी सूनबाई वैतागून म्हणाली, "अहो, प्रयोजनच हवंय ना? मग आईंना मावशींकडे न्या. चौदा महिने झाले त्या म्हणतायत."

मुलाने मान वर केली. "अंतर?"

"पंचवीस," मी म्हणाले. "सरळ रस्ता."

"चढ?"

"नावाला नाही."

प्रस्ताव तत्त्वतः मंजूर झाला. वहीत नवीन प्रयोजन आलं: 'फिल्टर (सोबत आई)'.

अक्काला ऐकायला कमी येतं. त्यामुळे फोनवर ती एकटीच बोलते आणि आपलं झालं की ठेवून देते. शेवटच्या फोनवर म्हणाली होती, "धाकटे, डोळे गेले माझे, म्हणजे जायला लागलेत. वर्तमानपत्रातल्या मुंग्या झाल्यात. मोठं भिंग मिळालं तर आण. आणि लवकर आण, तुझं तोंड कसं होतं तेही आता नीट आठवत नाही." मी पितळी दांड्याचं तळहाताएवढं भिंग आणून रुमालात गुंडाळून ठेवलं होतं. त्यालाही वर्ष होत आलं होतं.

रविवारी सकाळी सातला आम्ही निघालो. गाव संपलं, रस्ता मोकळा झाला आणि गाडीने साठ गाठले. पाच वर्षांत पहिल्यांदा मला झाडं मागे जाताना दिसली. इंजिनचा आवाज बदलला, पुढे पंखा घरघरायला लागला आणि मला ओळखीचा वास आला, बसचा.

"सुरू झालं," मुलगा कुजबुजला. "शुद्धीकरण सुरू झालं."

अक्काचं घर तिथून बाविसाव्या मिनिटाला आलं. हिरवं फाटक, शेजारी पाण्याची टाकी. फाटकाशी खुर्ची टाकून अक्का बसली होती. तिच्या अंगावर ठेवणीतली साडी होती. मी पिशवी हातात घेतली.

"आलं रे, आलं. थांबव."

"आई, आठ मिनिटं राहिलीत."

"म्हणजे?"

"आता थांबवलं तर पहिल्यापासून."

अक्का उठून उभी राहत होती. तिचा हात वर गेला. तो पूर्ण वर जायच्या आत ती मागच्या काचेत गेली.

आठ मिनिटांनी दिवा विझला. मुलाने सुस्कारा सोडला, गाडी वळवली. मी म्हणाले, "आता थांब." त्याने काट्याशेजारच्या आकड्याकडे बोट केलं. ॲव्हरेज एकवीस पूर्णांक तीन. असा आकडा आमच्या घराण्यात कुणी पाहिला नव्हता. "थांबून पुन्हा उचलली की हा पडेल, आई. एका दमात घरी गेलो तर राहील."

जाताना फिल्टर थांबू देईना, येताना ॲव्हरेज. अक्काचा हात या वेळी मात्र पूर्ण वर गेलेला होता.

घरी आल्यावर त्याने वहीत नोंद केली. 'मातृ-भगिनी भेट: संपन्न.'

"भेट?" मी म्हणाले.

"तू तिला पाहिलंस की नाही?"

"पाहिलं."

"तिने तुला?"

पुढच्या रविवारी अक्काने तयारी ठेवली. ती पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षिका होती आणि निवृत्तीच्या वेळी वर्गातला गुंडाळी फळा घरी घेऊन आली होती. तो तिने फाटकाला टांगला. वर खडूने, वळणदार अक्षरात: 'उतर.'

मी हाताने नाही म्हणून सांगितलं, पण ते काही पोचलं नसावं. म्हणून तिसऱ्या रविवारी मीही जुन्या कॅलेंडरची पानं आणि जाड शाईचं पेन घेऊन बसले. फळ्यावर होतं, 'गाडीला ब्रेक नाही का?' परत येईपर्यंत मी उत्तर तयार केलं आणि काचेला लावलं: 'आहे. परवानगी नाही.' काच मात्र बंदच होती.

असा आमचा पत्रव्यवहार सुरू झाला. जाताना तिचा प्रश्न, येताना माझं उत्तर. एका आठवड्यात एक. 'गुडघे?' 'तेच.' 'भिंग आणलंस?' त्यावर मी नुसतं भिंगच काचेला लावून दाखवलं.

आता ही गोष्ट वसाहतीत कळायला वेळ लागला नाही. आमच्या वसाहतीत अकरा डिझेलच्या गाड्या आणि अकरांचेही फिल्टर तुंबलेले. सेक्रेटरी घरी येऊन वही पाहून गेले. दोन आठवड्यांत फलकावर सूचना लागली: 'ज्येष्ठ सदस्य धावती भेट-सह-शुद्धीकरण योजना. इच्छुक वाहनधारकांनी आपापल्या ज्येष्ठांची नावे वाहन क्रमांकासह नोंदवावीत.' रविवारी सातला ताफा निघायला लागला. प्रत्येक गाडीत मागे एक म्हातारं माणूस, मांडीवर कॅलेंडरची पानं. कुणाचा भाऊ टाकीपलीकडे, कुणाची विहीण पुलाअलीकडे. त्या रस्त्याला ओळीने खुर्च्या दिसू लागल्या. आम्ही सगळे हात हलवत सत्तरच्या वेगाने एकमेकांची विचारपूस करायचो.

ज्यांच्या घरी म्हातारं माणूस नव्हतं त्यांची पंचाईत झाली. प्रयोजनाविना पळवायची कशी? त्यांनी उसनी माणसं न्यायला सुरुवात केली. तळमजल्यावरच्या हेडमास्तरांचं त्या रस्त्यावर कुणीच नव्हतं, पण तीन गाड्यांची त्यांना मागणी होती. ते आपले दिसेल त्याला हात करायचे. अक्काने एकदा माझ्यासाठी फळ्यावर लिहिलं, 'मागच्या गाडीतला तो कोण? तीनदा हात केला.'

महिनाअखेरीस सेक्रेटरींनी अहवाल वाचून दाखवला. भेटी: चव्वेचाळीस. थांबे: शून्य. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, शेजारी बसलेले बघत होते म्हणून.

एक गोष्ट मात्र अहवालात नव्हती. अक्काची अक्षरं दर रविवारी मोठी होत होती. पहिल्यांदा एका ओळीत पाच शब्द मावायचे, मग तीन, मग एक. आठव्या रविवारी अख्ख्या फळ्यावर एकच अक्षर होतं, हातभर उंच.

'ये.'

मी भिंग रुमालात घट्ट धरून बसले. पुलावरून वळताना मुलाला म्हणाले, "आज थांब. मी कधी काही मागितलं का तुझ्याकडे?"

त्याने वेग कमी केला. खरंच केला, खोटं कशाला बोलू? काटा पन्नासवर आला. मग त्याने आकड्याकडे बघितलं, मग आरशातून माझ्याकडे. "पुढच्या रविवारी नक्की, आई. आज एकवीस पूर्णांक नऊ आहे."

पुढचा रविवार आलाच नाही. मधल्या गुरुवारी सल्लागाराने वायर जोडून पाहिलं आणि अभिनंदन केलं. फिल्टर नव्यासारखा होता. "आता दर आठवड्याला पळवायची गरज नाही. दिवा लागला तर पळवा."

वहीत नोंद झाली: 'उद्दिष्ट साध्य. योजना स्थगित.'

मी दोन दिवस विचार केला. मी ड्रायव्हरची मुलगी आहे. बसचा घसा कशाने बसतो ते मला माहीत होतं. सोमवारी सकाळी मी लंगडत बाहेरच्या खोलीत आले.

"गुडघे फार दुखतात रे. वाचनालयापर्यंत सोड मला. वैद्यकीय प्रयोजनात घाल."

वाचनालय सहाशे मीटरवर आहे. मंगळवारी पुस्तक बदलायचं होतं. बुधवारी ते वाचलेलं निघालं. गुरुवारी सूनबाईच सोडायला आली. मी उतरताना म्हणाली, "आई, मी गाडी तिसऱ्या गिअरच्या खालीच ठेवली होती हं." मी तिच्याकडे पाहिलं. तिने आरशात बघून पदर नीट केला.

सतराव्या दिवशी दिवा लागला. मुलगा आत येऊन मटकन खाली बसला. "लागला," म्हणाला.

"अरेरे," सूनबाई आणि मी एकदम म्हणालो.

रविवारी सातला निघालो. मी अक्काला फोन केला होता, पण तिने नेहमीप्रमाणे स्वतःचंच सांगून ठेवून दिला होता, म्हणून तिला काय कळलं आणि काय नाही याची मला कल्पना नव्हती. टाकी दिसली, फाटक दिसलं. फळा नव्हता. फाटकाशी खुर्ची नव्हती.

खुर्ची रस्त्याच्या मधोमध होती. तीत अक्का बसली होती, पायाशी पिशवी, आमच्याकडे तोंड करून. शाळेत वर्ग शांत व्हायची वाट बघत बसायची तशी.

मुलाने ब्रेक लावला. त्या गाडीचे ब्रेक उत्तम आहेत, हे मला तेव्हा कळलं.

"मावशी!" काच खाली करून तो ओरडला. पाच वर्षांत उघडलेली ती पहिली काच. "काय हे! सरक ना! शुद्धीकरण चालू आहे, गाडी थांबवता येत नाही!"

"थांबव कोण म्हणतंय?" अक्का उठली. ऐकायला कमी येतं म्हणे. "मी बसते, तू चालव."

"अगं, पण..."

"दार उघड. आणि खुर्ची मागे टाक."

"खुर्ची राहू दे ना मावशी, वजन..."

"परत आल्यावर रस्त्यात काय उभी राहू? टाक."

मावशीपुढे नियोजन विभागाचं काही चालत नाही, हे त्याला लहानपणापासून ठाऊक आहे. पाढे तिनेच शिकवलेत. त्याने इंजिन चालूच ठेवून खुर्ची उचलली, मागे कोंबली, पळत येऊन बसला आणि गाडी सोडली.

अक्का माझ्या शेजारी होती. तिच्या अंगाला खडूचा वास येत होता, की मला तसा वाटला. मी रुमाल सोडला. तिने भिंग हातात घेतलं, वजन पाहिलं, डोळ्याला लावलं आणि माझ्या तोंडाजवळ आली. तिचा एक डोळा केवढा तरी मोठा दिसत होता. बराच वेळ ती बघत राहिली, कपाळ, गाल, हनुवटीवरची खूण.

"म्हातारी झालीस की गं," म्हणाली.

"तू कमी बघ."

"वर्षभर वाट पाहिली, आता कमी कशाला बघू?"

मग आम्ही हसायला लागलो ते थांबेचना. पंखा घरघरत होता. अक्का मला म्हणाली, "वास आला का?" मी म्हणाले, "पहिल्याच दिवशी आला होता." तिने पुढे वाकून माझ्या मुलाच्या खांद्यावर टिचकी मारली. "आमचे बाबा याहून जोरात पळवायचे, हं."

दिवा विझला तेव्हा आम्ही घरापासून पस्तीस किलोमीटरवर होतो. मुलगा म्हणाला, "विझला." वळायची जागा आली आणि मागे गेली. त्याने गाडी वळवली नाही. कदाचित आम्हा दोघींसाठी असेल. ॲव्हरेज बावीस पूर्णांक चार होतं, हेही खरं आहे.

त्यानंतर सहा रविवार आम्ही दोघी मागच्या सीटवर बसलो. सीटवर उशीही आली. वाचनालयात मी फार वाचक बाई म्हणून प्रसिद्ध झाले.

गेल्या आठवड्यात मुलगा हसत हसत घरात आला. हातात रंगीत पुस्तिका होती. डिझेलची देऊन टाकायची, विजेवरची घ्यायची.

"हिला फिल्टरच नाही, आई. काजळी नाही, धूर नाही. कुठे पळवायला नको. महिनाभर दारात उभी राहिली तरी कसलाही दिवा लागत नाही!"

सूनबाईने माझ्याकडे बघितलं. मी पुस्तिका हातात घेतली. गाडी सुरेख होती, पांढरीशुभ्र. मागची सीट रिकामी दाखवली होती.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तसली घेतली आहे, असं ऐकते. उत्तम गाडी आहे म्हणतात. आवाज करत नाही, कशाची आठवण करून देत नाही. मला तिच्यातलं काही कळत नाही, म्हणून विचारते. रागावू नका. कुठल्या फाटकाशी तुमच्यासाठी खुर्ची टाकलेली आहे, ते तुम्हाला आता कोण सांगतं?